बारदानाचं वजन

मी बॅग बोलतेय. भिऊ नका, माझ्यात काही नाही. हवं तर लांबूनच ऐका. हल्ली माझ्याजवळ येणारा प्रत्येक माणूस आधी दोन पावलं अलीकडे थांबतो, मग मान लांब करून बघतो, म्हणून आधीच सांगून टाकलं. खरं म्हणजे आपल्या दोघांत जास्त भित्री मीच आहे. मी कुत्र्याला भिते, दोरीला भिते, आणि शिट्टी वाजली की माझ्या कड्या आपोआप घट्ट होतात.

माझा जन्म २०१४ सालचा, उंबरगावच्या एका कारखान्यातला. कडक प्लास्टिकचं अंग, भोवती ॲल्युमिनियमची पट्टी, दोन कड्या, खाली चार चाकं. रंग वांग्याच्या सालीचा. चारपैकी एक चाक जन्मतःच अडत होतं. तपासणाऱ्याने माझ्या पोटावर खडूने फुली मारली आणि मला ‘सेकंड माला’च्या ढिगात ढकललं. त्या ढिगात आम्ही तीसेक जणी होतो. कोणी नेलं नाही तर वितळवून आमच्या बादल्या करणार, असं तिथे बोलत असत. तेव्हा जी धडकी भरली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

मला तिथून सोडवलं विष्णूने. विष्णू तलासरी तालुक्यातल्या वेवजीचा. घोलवडच्या बाजूला चिकूची एक वखार आहे, तिथे तो तोलणारा. वाडीवाला चिकू आणतो, शेठ विकत घेतो, आणि दोघांच्या मधे काट्यापाशी विष्णू उभा असतो. त्याची मुलगी सुनिता तेव्हा बारावीला होती आणि पुढे नर्सिंग करीन म्हणत होती. बारावीचा निकाल नाही, कुठे प्रवेश नाही, आणि हा गडी बॅग घेऊन घरी आला. त्याची बायको निर्मला म्हणाली, बाजारात तुरी न् भट भटणीला मारी, तसलं चाललंय तुमचं. पण बोलता बोलता तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि पोटावरची फुली घालवली. मला ते घर लगेच आवडलं.

आता वखारीतली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण माझं पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. माल ज्यात भरतात त्याला बारदान म्हणतात. गोणी, करंडी, प्लास्टिकचं क्रेट, सगळं बारदान. काट्यावर आधी रिकामं बारदान चढतं. विष्णू त्याचं वजन खडूने त्याच्याच अंगावर लिहितो. मग माल भरून पुन्हा तोलतो आणि बारदान वजा करतो. उरतं ते वजन खरं. बारदानाचं वजन कोणी कोणाकडून धरत नाही. चिकू विकायचा असतो, क्रेट नव्हे.

विष्णूच्या लेखी ही नुसती रीत नव्हती. एकदा शेठचा नवा मेहुणा काट्यावर बसला आणि त्याने घाईत दहा क्रेट बारदानासकट लिहिले. विष्णूने काट्यावर हात ठेवला आणि सगळी तोलाई थांबवली. शेठ आला, बडबडला, गाडी खोळंबली, पण हात निघाला नाही. शेवटी दहाच्या दहा क्रेट पुन्हा तोलले. तेव्हापासून डहाणूपासून तलासरीपर्यंत कोणी वजनावरून भांडायला लागलं की लोक म्हणत, विष्णूकडे चला. त्याच्या आकड्यावर दुसऱ्यांदा तोलायची पद्धत नव्हती.

सुनिताबरोबर मी नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात तीन वर्षं काढली. खाटेखाली राहायचं. उंदरांची भीती, गळक्या नळाच्या ओलीची भीती. सुट्टीला जाताना मुली मला बंद करायला माझ्यावर बसत, एकीने भागलं नाही तर दोघी. माणसांना बॅग भरून संपली हे कधी कळतच नाही. कडी लागेना की ती बॅगेला नावं ठेवतात, आपल्या हावरेपणाला नाही. सुनिता मात्र बसण्याआधी एकदा माझ्यावर हात फिरवायची. तीन वर्षांत मला तिच्या हाताचा घामसुद्धा ओळखता यायला लागला. परीक्षेला निघताना तो थंड असायचा.

२०१८ च्या नोव्हेंबरात ते पत्र आलं. भुवनेश्वरच्या सरकारी इस्पितळात सुनिताची स्टाफ नर्स म्हणून निवड झाली होती. पण पत्र आमच्याकडे आलंच नाही. पत्त्यावर बापाचं नाव विष्णू, आणि वेवजीला ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दुसरा एक विष्णू आहे, ते त्याच्याकडे गेलं. सरकारी लिफाफा, त्यावर सिंहाचा शिक्का. त्या बिचाऱ्याला वाटलं जमिनीची नोटीस आली. त्याने तो लिफाफा भाताच्या कणगीत खोल खुपसला आणि कोणाला बोलला नाही. नऊ दिवस पत्र भातात झोपलं होतं. शेवटी त्याची बायको नवशी भात काढायला गेली, तिच्या हाताला लागलं, आणि मंगळवारी दुपारी ती ते पदराखाली धरून सुनिताकडून वाचून घ्यायला आमच्या अंगणात आली. तिलाही वाटत होतं, आता पोलीस येणार.

सुनिताने पत्र वाचलं आणि मटकन माझ्यावरच बसली. गुरुवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं होतं. नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मंगळवारची दुपार तर अर्धी सरली होती. रेल्वेने दीड-दोन दिवस लागतात. त्या घरात आजवर कोणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, दमणच्या बाजूने जाताना आवाज तेवढा यायचा. विष्णू मला उचलून सुनिताला म्हणाला, चल, परेशला विचारू.

परेशचं तलासरीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मला नेलं ते विमानात अशी बॅग चालते का हे दाखवायला. परेश माझ्याकडे न बघताच चालते म्हणाला. त्याचं सगळं लक्ष पडद्यावर होतं. बुधवारी चारचं विमान आहे, एकतीसशे रुपये, असं त्याने सांगितलं तेव्हा विष्णूचा चेहरा उजळला. घरच्यांना तर वाटत होतं, एवढ्या पैशात निम्मं तिकीटसुद्धा येणार नाही. त्याने खिशातून पैसे काढून मोजून ठेवले.

पण परेश बटण दाबत गेला तसा आकडा फुगत गेला. एका पानावर सीटचे पैसे लागले. विमानात बसायचं तर सीट लागणारच, त्याचे वेगळे कसले, असं विष्णूने विचारलं. परेश म्हणाला, खिडकीची आपोआप धरली त्यांनी. दुसऱ्या पानावर विमा, त्याची खूण आधीच मारून ठेवलेली. मग खाण्याचा डबा. मग ‘सुविधा शुल्क’, म्हणजे पैसे भरण्याची सुविधा दिली म्हणून पैसे. परेशने एक-दोन खुणा पुसायचा प्रयत्न केला तर पान मागे गेलं आणि तिकीट दीडशेने महागलं. तेव्हापासून त्याने काही पुसायला हात लावला नाही. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालत होतं, एवढ्या मिनिटांत घ्या नाहीतर भाव जाईल. मला ते घड्याळ फार भयंकर वाटलं. वखारीत एवढी वर्षं तोलाई चालते, पण वाडीवाल्याच्या मानेवर असं घड्याळ कोणी ठेवत नाही.

शेवटी चार हजार दोनशे झाले. विष्णूने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“तिकिटावर बारदान धरतात हे लोक,” तो म्हणाला.

परेश हसला आणि म्हणाला, काका, बरोबर बोललात. सुनिताने हातातली अंगठी काढून देऊ का म्हटलं, पण परेशने उरलेले नंतर द्या म्हणून बटण दाबून टाकलं. कागद छापून आला. खाली मुंगीएवढ्या अक्षरात पानभर इंग्रजी होतं. सुनिताने त्यातलं मोठ्या अक्षरातलं तेवढं वाचलं आणि वडिलांना सांगितलं, पंधरा किलो सामान फुकट, आणि खांद्यावरची पिशवी सात किलोची.

विष्णूच्या जिवात जीव आला. इतका वेळ तो परक्या मुलखात होता, आता किलो आले होते. “पंधरा म्हणजे पंधरा,” तो म्हणाला. “सकाळी तोलून देतो.” सुनितानेही पुढे एक अक्षर वाचलं नाही. बापाने तोलतो म्हटल्यावर कागदाला कोण विचारतो.

बुधवारी सकाळी मी वखारीच्या काट्यावर चढले. आधी रिकामी. एवढ्या वर्षांत मला कोणी तोललं नव्हतं आणि अंगावर काटा आला. चार किलो चारशे. विष्णूने खडूने माझ्या पोटावर ४.४ लिहिलं. मग माल. गणवेशाचे दोन जोड, तीन जाडजूड पुस्तकं, ताट-वाटी, सोलापुरी चादर, लाल तांदूळ, लोणच्याची बरणी, धाकटी डहाणू गावाहून आणलेले सुके बोंबील सात पदरी कागदात. काटा जास्त दाखवायला लागला तसा विष्णूने तांदळातून ओंजळ ओंजळ काढली. शेवटी चिमूट टाकून बघितली. एकोणीस चारशे. वजा बारदान, पंधरा.

वखारीतले सगळे गोळा झाले होते. चिमण टेम्पोवाला, जो चिकू घेऊन मुंबईला निघाला होता आणि आम्हालाही नेणार होता, तो म्हणाला की विमानवाल्यांनी असं माप बघितलंच नसेल. निर्मलाने माझ्या कडीला हळदकुंकू लावलं. मग मला कानात म्हणावं तसं म्हणाली, सांभाळ गं.

टेम्पोत चिकूच्या क्रेटांवर मी आडवी पडले होते. मनोर आलं, विरारफाटा आला. सुनिताने सगळी वाट माझी मूठ सोडली नाही. तिचा घाम थंड होता. तिने वडिलांना मधेच विचारलं, विमान पडतं का हो. विष्णू म्हणाला, नाय बाय, टेम्पो जास्त पडतात. चिमणला राग आला आणि पुढचा अर्धा तास तो फार जपून चालवत होता.

विमानतळाच्या दाराशी पहिला घोटाळा झाला. बंदूकवाल्या जवानाने तिकीट आणि ओळखपत्र बघून सुनिताला सोडलं आणि विष्णूला अडवलं. तिकीट नाही त्याला आत जाता येत नाही. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. विष्णूला वाटत होतं एस.टी.सारखं असेल, खिडकीत सामान देऊन, हात हलवून परतायचं. दारातच निरोप घ्यावा लागला, आणि मागची माणसं ढकलत होती म्हणून तो धड झालाच नाही. काच मिटली. विष्णू काचेला कपाळ लावून आत बघत होता एवढं मला दिसलं.

आत सगळं गुळगुळीत, थंड आणि फार मोठं. आमच्या वखारीसारख्या अख्ख्या दहा वखारी त्यात मावल्या असत्या. सुनिता रांगेत उभी राहिली, पण रांग चुकीची निघाली, मग दुसरी. काउंटरवर आमचा नंबर आला तेव्हा बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. त्या मुलीने मला पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. लाल आकडे धावले आणि थांबले. एकोणीस चारशे.

मुलगी वाईट नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, मॅडम, चार किलो चारशे एक्स्ट्रा आहे, वरच्या चारशेचा पूर्ण किलो धरतात, पाच किलोचे पैसे पलीकडच्या खिडकीत भरून या. शिवाय घरून बोर्डिंग पास छापून आणला नाही म्हणून त्याचे वेगळे. तिने आकडा सांगितला. सुनिताजवळ अकराशे रुपये होते, त्यात भुवनेश्वरला उतरून पहिला महिना काढायचा होता. आकडा त्याच्या दुप्पट होता. बापाजवळ परतीच्या भाड्यापुरते होते. पैसे भरा नाहीतर सामान कमी करा, मुलगी म्हणाली, पण लवकर.

खांद्यावरच्या पिशवीत कागदपत्रं, आणि तीही सातच्या काठावर. सुनिताने मला पट्ट्यावरून उतरवून खांबापाशी नेलं आणि वडिलांना फोन लावला. तिने स्पीकर चालू करून फोन माझ्यावरच ठेवला आणि वाकून बोलू लागली.

“बाबा, एकोणीस चारशे भरलं म्हणतात.”

पलीकडून नुसत्या गाड्यांचे हॉर्न येत होते. मग विष्णू म्हणाला, काटा चुकीचा आहे त्यांचा. सुनिता म्हणाली, काटा बरोबर आहे. पंधरा आणि चार चारशे.

“बारदान धरलं त्यांनी?”

“हो, बाबा.”

“बॅगेचं?”

“हो.”

पुन्हा हॉर्न. मग विष्णूचा जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. “मग चूक माझीच आहे, बाय,” तो म्हणाला. शेठसमोर तोलाई थांबवणारा माणूस. मी बॅग असून मला गलबलून आलं. सुनिता म्हणाली, बाबा, पुस्तकं काढते. तांदूळ काढते. तिने माझी कडी उघडलीसुद्धा.

“नको,” विष्णू म्हणाला. “माल ठेव. बारदान टाक.”

सुनिताने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मी तिचं वाईट चिंतलं. मनात म्हटलं, चुको तुझं विमान. चल घरी, नोकरी काय, दुसरी मिळेल. भीती माणसाला काय किंवा बॅगेला काय, आधी स्वार्थी करते. तिने फोनवर विचारलं, पण बॅग कुठे ठेवू. विष्णू म्हणाला, तिथंच खांबाशी ठेव, मी मागाहून येऊन घेतो. दारावरच्या जवानाला सांगितलं की सोडेल, एवढं कसलं.

मग तिने गुडघ्यावर बसून सगळं फरशीवर काढलं. माणसं वळसा घालून जात होती, काही बघत होती. गणवेश, आतले कपडे, ताट. लाजेने तिचे कान लाल झाले होते. तिने चादर पसरली, सगळं मधे रचलं आणि घरी भाताच्या पेंढ्या बांधतात तशा दोन उलट्या गाठी मारल्या. एका म्हाताऱ्या हमालाने कुठूनशी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणून दिली, गाठोडं त्यात कोंबलं आणि टेप गुंडाळली. काउंटरची मुलगी असं घेता येणार नाही म्हणाली, मग घड्याळाकडे बघून एका कागदावर सुनिताची सही घेतली. फुटलं तर कंपनी जबाबदार नाही, अशी.

पट्ट्यावर आकडे धावले. पंधरा. क्षणभर पंधरा शंभर, मग पुन्हा पंधरा. विष्णूचं माप होतं ते. पासाचे तेवढे पैसे सुनिताने भरले.

ती पळत निघाली. चार पावलांवर थांबली, परत आली, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली. मी खांबाशी राहिले, उघडी कडी, रिकामं पोट, पोटावर खडूने ४.४.

विष्णू आला नाही. येऊ शकतच नव्हता, पण सांगूनही जवान सोडणार नाही हे तिला माहीत नव्हतं आणि त्यालाही आत्ताच कळत असणार. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वरून एक बाई सारखी बोलत होती, बेवारस सामानाला हात लावू नका, दिसल्यास कळवा. मी इकडेतिकडे बघत होते, कोण बरं बेवारस. मग एका लहान मुलाच्या आईने त्याला माझ्यापासून ओढून घेतलं आणि माझ्या लक्षात आलं.

आधी एक जवान आला. तो माझ्यापासून लांब उभा राहून यंत्रात बोलला. मग चार आले. माणसांना मागे सारलं. माझ्याभोवती दोरी बांधली. एवढ्या गजबजाटात माझ्याभोवती अचानक मोठं रिकामं वर्तुळ झालं आणि त्या वर्तुळाच्या मधोमध मी. एकाने वाकून पोटावरचा आकडा वाचला आणि दुसऱ्याला विचारलं, हे चार पॉइंट चार काय आहे. दुसरा म्हणाला, कोड असेल. अहो, बारदान आहे ते, मी ओरडत होते, पण बॅगेला आवाज कुठला. मग कुत्रा आणला. त्याचं ओलं नाक माझ्या पट्टीवरून फिरलं, कडीतून आत गेलं. आत सुक्या बोंबलाचा वास होता. कुत्रा थांबला आणि बसला. तो बसला तसे सगळे जवान एकदम मागे झाले.

त्यानंतर जाड कपडे घातलेला एक माणूस एकटाच माझ्याकडे चालत आला. त्याच्या कपाळावर घाम होता. मला तेव्हा कळलं की तो मला भितोय. आजवर मी सगळ्यांना भ्याले होते, मला कोणी भ्यालं नव्हतं, आणि ते भलतंच वाईट वाटतं. त्याने लांब काठीने माझं झाकण उचललं. आत एक लाल तांदळाचा दाणा होता.

रिकामी निघाल्यावर सगळे चिडले, भ्यालेली माणसं सुटली की चिडतातच. साहेबाने हुकूम दिला, कोणाची आहे शोधा. एका जवानाने मला मुठीने उचललं आणि दाराबाहेर नेलं.

काचेबाहेर विष्णू होता. तो तिथून हललाच नव्हता. फोन कानाशी होता आणि तो मोठ्याने विचारत होता, बसलीस का, पट्टा बांधला का. पलीकडून सुनिता काही म्हणाली. विष्णूने विचारलं, मग दार लावलं का विमानाचं. तिने नाही म्हटलं असावं, कारण तो म्हणाला, बरं, लावतील आता. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा चेहरा असा खुलला, की माझी सगळी भीती गेली. त्याचा हात पुढे आला.

जवान गर्दीला उद्देशून हिंदीत बोलत होता. ही बॅग कोणाची. ज्या प्रवाशाने टाकली त्याला विमानातून खाली उतरवणार. जबाब लिहून घेणार. आज काही तो जात नाही.

विष्णूचा हात तिथेच थांबला.

जवानाने ते पाहिलं. तो विष्णूसमोर येऊन उभा राहिला, मी त्याच्या हातात लोंबत होते, विष्णूच्या हातापासून वीतभर लांब. ही तुमची का, त्याने विचारलं. फोनमधून सुनिताचा आवाज येत होता, बाबा, बॅग मिळाली का, बाबा. विष्णूने फोन छातीशी दाबून धरला. त्याने माझ्या पोटावरच्या स्वतःच्या हातच्या आकड्याकडे बघितलं.

“नाय साहेब,” तो म्हणाला. “माझी नाय.”

जवानाने पुन्हा विचारलं, बघा नीट.

“नाय. ओळखतच नाय.”

सबंध डहाणू-तलासरीत ज्याच्या आकड्यावर दुसऱ्यांदा तोलत नसत, तो माणूस खोटं बोलला, आणि तेही दोनदा. मला घेऊन जवान आत वळला. काच मिटताना मी मागे बघितलं. विष्णूने फोन पुन्हा कानाशी घेतला होता. मिळाली गं बाय, तो सांगत होता, हातातच आहे, तू आता फोन बंद कर, बंद कर म्हणतात ना ते लोक.

आता २०१९ चा उन्हाळा आहे. मी एका सामानघरात फळीवर आहे, माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली आहे, मालक अज्ञात. लवकरच लिलाव होईल म्हणतात. कोण नेईल, की बादल्या होतील, ही भीती आहेच, ती जायची नाही. पण तुम्ही इतका वेळ उभं राहून ऐकलंत, म्हणून एक मागते. कधी वेवजीकडे गेलात तर चिकू तोलणाऱ्या विष्णूला भेटा. त्याला सांगा, तू नाही म्हणालास ते बरोबर केलंस, बॅगेच्या मनात काही नाही. आणि त्याला एवढं विचारून या, की सुनिता गुरुवारी दहाच्या आत हजर झाली का. इथे मला ते सांगणारं कोणी नाही.